पहिल्या विचारण्याला

ढग काही हलत नव्हते. मैदानात मांडलेल्या कच्च्या विटांवर बोट टेकलं की अजून ठसा उमटत होता, आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, येता-जाता बोट टेकत होते. कडेच्या सगळ्या विटांवर त्यांचे ठसे.

"लोकांच्या भिंतीत गेल्यावरही तुमचीच बोटं दिसणार, मालक," मनोरा म्हणाला. बाबा हसले नाहीत.

मनोरा म्हणजे आमच्या भट्टीवर विटा रचणारा. दिवसभर भट्टीच्या माथ्यावर उभा, म्हणून मनोरा. माणूस तसा बुटका.

वीट वाळली तर रचायची, रचली तर पेटवायची. आणि रचायला हात कमी. मैदानापासून भट्टीपर्यंत हातोहात विटा देणाऱ्या साखळीतली दोन कुटुंबं नदीपलीकडच्या नव्या भट्टीवर निघून गेली होती, तिथं राहायला पक्क्या खोल्या मिळतात म्हणून. बाबांनी अडवलं नाही. त्यांच्या रिकाम्या खोपटांची दारं तेवढी तारेनं बांधून टाकली. तेव्हापासून घरातलं, भट्टीवरचं जे कोणी धड उभं राहू शकत होतं ते साखळीत उभं होतं. माझा नवरा, मी, विटा थापणारी मावशी, आणि कॉलेजातून आली की धाकटी.

धाकटी माझी नणंद. विद्यापीठाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सकाळच्या बसनं जायची, दुपारच्या बसनं यायची, कपडे बदलायची, तळहातांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधायची आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहायची. कच्ची वीट हाताची साल काढते. माझ्या हातांना लग्नानंतर पहिल्या हंगामात रक्त यायचं. आता नुसतं खरखरीत झालंय, छकुलीच्या गालाला हात लावला की ती तोंड फिरवते.

छकुली माझी मुलगी. तिला मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, विटांच्या थप्प्यांपासून लांब, एका खोक्यात बसवायची. थप्पी ढासळते. ढासळताना सांगून ढासळत नाही. म्हणून वीट घेताना माझा एक डोळा विटेवर आणि एक खोक्यावर. मावशी म्हणायची, "बाई, तू अशीच बघत राहिलीस तर तिरळी होशील."

त्या दुपारी धाकटी आली आणि कपडे न बदलताच साखळीत उभी राहिली. कॉलेजचा चांगला कुडता चिखलानं भरला. मी म्हटलं, "अगं, कुडता." तिनं ऐकलं नाही. वीट घेत होती, देत होती, पण तोंडानं आवाज देत नव्हती. साखळीत आवाज द्यावाच लागतो. 'हां' म्हटल्याशिवाय वीट सोडायची नाही, नाहीतर पुढच्याच्या पायावर जाते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझा नवरा ओरडला, "ए धाकटे! मुकी झालीस का?"

ती मुकीच झाली होती. आणि तिथेच नव्हे, कॉलेजातही.

जेवताना कळलं. इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली. सरांनी विचारलं, ही गप्प. पुढचं विचारलं, ही गप्प. सर कंटाळले. बाहेर उभ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्याकडच्या मुलांना ही भाषा शिकायचीच नसते. मग आमचा वेळ का घेता?" नापास. पुढच्या आठवड्यात एकदा फेरपरीक्षा. त्यात गेली तर वर्ष वाया.

बाबांनी ताटातच हात धुतला. रागानं नाही, त्यांना नेहमी तशीच सवय. "पास झालीस तर जा," ते म्हणाले. "नाहीतर हंगामभर इथं हात कमी आहेतच. तिथं गप्प बसण्यापेक्षा इथं राबलेलं काय वाईट?"

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोरीकडे पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे तोंड केलं. धाकटीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मान खाली. आमच्या घरात त्याला शहाणी मुलगी म्हणतात.

*

दुसऱ्या दिवशी पण ऊन नव्हतं. दुपारी काम थांबलं तेव्हा मी छकुलीला भरवायला उंबऱ्यात बसले आणि धाकटीला समोर बसवलं. मी पदवीधर. पदवीचा या घरात फारसा उपयोग झालेला नाही, पण तोंडी परीक्षा मी दिल्या होत्या.

"मी तुझे सर," मी म्हटलं. "आता तुझी वहिनी नाही."

"सर कधी भरवत नाहीत."

"गप्प. म्हणजे गप्प नको. बोल." आणि इंग्रजीतून विचारलं, तुझ्या घरचे लोक काय काम करतात?

ती खाली बघत राहिली. बोटानं उंबऱ्यावरची माती खरवडत होती. छकुलीनं घास थुंकला, मी पुसला, परत वर पाहिलं. ही तशीच. मनात आलं, हिला खरंच काही येत नाही की काय? मग पुस्तकं घेऊन वर्षभर काय करत होती? मी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

ती बोलायला लागली. भट्टी, माती कशी कालवतात, भाऊ, बाप, साखळी, पावसाचं भय. घडाघडा नाही, सावकाश, पण वाक्यं सरळ. माझ्यापेक्षा चांगली. एक-दोन शब्द तर मलाच माहीत नव्हते.

मी दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा मान खाली, पुन्हा माती. मी थांबले, पुन्हा विचारलं. पुन्हा सुरेख उत्तर.

"अगं, येतंय की तुला! मग सरांच्या पुढं काय झालं होतं? असं बसतेस कशाला मख्खासारखी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच वेडी. "तुम्ही एकदाच विचारलंत, वहिनी."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मला लग्न झाल्यावरचे माझे पहिले दिवस आठवले. बाबांनी विचारलं होतं, बैल पाणी प्याले का, आणि मी लगेच "हो, प्याले" म्हटलं होतं. घरात सगळे थबकले होते. नंतर आईंनी मला मागच्या खोलीत नेऊन समजावलं. मोठं माणूस पहिल्यांदा विचारतं तेव्हा ते स्वतःलाच विचारत असतं. ऐकून घ्यायचं. पुन्हा विचारलं की मग तुला विचारलं, तेव्हा बोलायचं. पहिल्या विचारण्याला उत्तर म्हणजे तोंडावर फेकलेलं उत्तर. मी शिकले. इतकी शिकले की आता ते दिसेनासं झालं होतं. धाकटी तर त्यातच जन्मली.

"सरांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही?"

"नाही. दुसरंच काहीतरी विचारलं. मग तिसरं." ती म्हणाली. "मी म्हटलं, यांना उत्तर नकोच असेल."

मला हसू आलं, आणि हसता येईना. "अगं बाई, तिथं पहिल्यांदाच सांगायचं असतं."

"माहितीये मला. आंधळी नाही मी." तिचा आवाज चढला. आईंनी आतून भांडं आपटलं तशी ती हळू झाली. "बाकीचे कसे बोलतात तुम्ही बघितलं नाही. सरांचं वाक्य संपायच्या आत यांचा हात वर. कुत्र्याला तुकडा टाकावा आणि त्यानं वरच्या वर झेलावा तसं. चुकीचं बोलतात, हसतात, पुन्हा बोलतात. मास्तरांपुढे! लाज कशी वाटत नाही? आमच्या बसमधल्या सगळ्या पोरी म्हणतात, ही भाषाच आगाऊ माणसांची. कोणी एक वाक्य बोललं की आम्हीच म्हणतो, आली मडमीण. वहिनी, इंग्रजी मला आवडत होती. वाचायला आवडते. पण बोलायची म्हणजे असलं व्हायचं असेल तर मला नको ती."

मला वाटलं होतं, भीती असेल; भीतीवर मला औषध माहीत होतं. हे वेगळंच निघालं. तिला येत होतं. तिला तसं व्हायचं नव्हतं.

छकुलीचं तोंड धुतलं, तिला मांडीवर आडवं घेतलं. मग मी विचारलं, "तू गप्प बसलीस तेव्हा सरांचा चेहरा कसा होता?"

तिनं आठवलं. "लाल."

"का?"

"रागावले."

"कशाला रागावतील? न येणाऱ्या पोरी त्यांनी शंभर बघितल्या असतील. तू मान खाली घालून बसलीस. त्यांनी विचारलं, तू ऐकून घेतलंस आणि सोडून दिलंस. दुसरं विचारलं, तेही सोडून दिलंस. त्यांच्या घरात याला काय म्हणत असतील?"

तिचं बोट उंबऱ्यावरच्या मातीत थांबलं.

"म्हणजे," मी म्हटलं, "त्यांना वाटलं, ही पोरगी मला उत्तर द्यायच्या लायकीचासुद्धा समजत नाही."

तिचा चेहरा उतरला. नापासाचं सांगताना उतरला नव्हता इतका. दोन्ही हात गालावर. "अगं आई गं! मी त्यांचा अपमान केला?"

"त्यांना तसं वाटलं असेल."

"एवढ्या मोठ्या माणसाचा?" ती उठून उभी राहिली, बसली, परत उठली. "आणि मला वाटलं मी मान देतेय. वहिनी, मला त्यांची माफी मागायला हवी."

"माग ना. पण ते इंग्रजीचे सर. मराठीत मागितलीस तर गुण देणार नाहीत."

पहिल्यांदाच ती हसली, आणि लगेच तोंडावर हात धरला.

*

ऊन पडलं. विटा पांढरट दिसायला लागल्या, बाबांच्या बोटाचा ठसा उमटेना झाला. रचाई सुरू झाली आणि आमचा अभ्यास साखळीतच सुरू झाला, कारण दुसरीकडे वेळच नव्हता.

मी दोन विटा उचलायची, इंग्रजीतून विचारायची आणि विटा सोडायची. तिनं विटा झेलताना उत्तर द्यायचं. आधी विटा झेलायची, उत्तर राहायचं. मग उत्तर यायचं, विटा निसटायच्या. एकदा वीट तिच्या अंगठ्यावर पडली. नख काळं पडलं. मी थांबवू म्हटलं तर ती म्हणाली, "विचारा हो, वीट थांबते का?"

वरून मनोरा ओरडला, "ए, खाली काय शिव्याबिव्या चालल्यात का? मला कळेल असं द्या!"

"परीक्षा आहे हिची," मावशी म्हणाली.

"मग मलाही विचारा! दुपारचं जेवण काय आहे, इंग्रजीत?"

धाकटीनं वर न बघता इंग्रजीतून सांगितलं, तुला काहीच मिळणार नाही. मावशीला अर्थ कळला नाही, पण सूर कळला. ती इतकी हसली की साखळी तुटली आणि माझा नवरा सगळ्यांवर खेकसला. तोसुद्धा मग घाम पुसायच्या निमित्तानं तोंड लपवत होता.

बाबा लांबून बघत होते. जवळ आले की धाकटी गप्प. ते गेले की पुन्हा सुरू. मला एकच काळजी. परक्या सरांपुढे तिला जमेल, कदाचित. पण विटांमधून तिचं तोंड सुटलं आणि घरात चुकून सुटलं, तर? दोष सुनेचा. सुनेचाच असतो.

*

फेरपरीक्षेच्या सकाळी भट्टीचे वरचे थर राहिले होते. आभाळाच्या कडेला पुन्हा राखाडी पट्टा. बाबा अंगणात आले, आभाळाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, आणि मग आमच्याकडे. मी छकुलीला तयार करून कडेवर घेतलं होतं. एवढ्या लांब तिला कोणाकडे सोडून जायचं मला धाडस नव्हतं. धाकटीनं धुतलेला कुडता घातला होता. चिखलाचा डाग अजून फिकट दिसत होता.

"आज दोन बायका गेल्या तर माथा कोण पुरा करणार?" बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळून विचारलं, "आज नाही गेलं तर चालेल का गं?"

मला माहीत होतं. सवयीनं ती मान खाली घालणार, बाबा पुन्हा विचारणार नाहीत, आणि तिच्या गप्प राहण्याचं होकारात रूपांतर होणार. असंच होत आलंय. आमच्या घरात कित्येक गोष्टी अशाच ठरल्यात.

"नाही चालणार, बाबा," धाकटी म्हणाली.

लगेच. त्यांचं तोंड मिटायच्या आत.

आई दारात भांडं घेऊन होत्या, तशाच राहिल्या. नवऱ्यानं ट्रॅक्टरच्या चाकाशी उगाच वाकून काहीतरी बघायला सुरुवात केली. धाकटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मान खाली घातली, पण शब्द तर बाहेर पडले होते, आता ते परत कुठून घेणार?

आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच शिकवत होतीस वाटतं विटांमधून?"

मी छकुलीची टोपी सारखी केली.

बाबा पोरीकडे बघत होते. रागावलेत की काय कळेना. त्यांचा चेहराच तसा, भाजलेल्या विटेसारखा, आतलं बाहेर दिसत नाही. मग त्यांनी घसा खाकरला. "मग उभ्या का आहात?" ते म्हणाले. "बस काय तुमची वाट बघणारे?"

आम्ही पळालो. खरोखर पळालो, छकुलीला वाटलं खेळ आहे, ती कडेवर खिदळत होती.

*

विद्यापीठाचा व्हरांडा थंड होता आणि फरशी इतकी स्वच्छ की आमच्या चपलांची तांबडी माती मागे उमटत आली. फेरपरीक्षेला आलेली पोरं भिंतीला टेकून होती. सगळी गप्प. खेड्यांतून आलेली असावीत. सगळ्यांचे डोळे खाली. धाकटीच्या बसमधली एक मुलगी कुजबुजली, "आली गं मडमीण, लेकुरवाळी वहिनी घेऊन." धाकटी तिला म्हणाली, "आत गेलीस की पहिल्यांदाच उत्तर दे. नाहीतर त्यांना वाटतं आपण माज करतोय."

"काय?" ती मुलगी म्हणाली. तेवढ्यात धाकटीचं नाव पुकारलं.

दार पूर्ण लागत नव्हतं. मी बाकावर दाराशी बसले. सर इंग्रजीतून काहीतरी म्हणाले. आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत धाकटीचा आवाज आला.

"थांब, थांब," सर म्हणाले, "प्रश्न तर पुरा होऊ दे!"

मी कपाळाला हात लावला. मी जरा जास्तच शिकवलं होतं.

पण ती थांबली नाही. तिला आधी माफी मागायची होती. इंग्रजीतून ती सांगायला लागली: मागच्या वेळी मी गप्प बसले, ते उद्धटपणानं नाही. आमच्या घरात... आणि छकुलीनं तेव्हाच भोकाड पसरलं. व्हरांडा सगळा घुमला. मी तिला घेऊन टोकापर्यंत गेले, खिडकीतून कबुतर दाखवलं, पाणी पाजलं, पाठीवर थोपटलं. माझं निम्मं शरीर दाराकडे ओढत होतं.

परत आले तर आत शांतता.

काही म्हणजे काही ऐकू येईना. मी दाराला कान लावला, भिंतीला टेकलेल्या पोरांची पर्वा न करता. शांतता संपेना. माझ्या डोळ्यांसमोर तिची मान खाली गेलेली दिसली, बोट टेबलावरची नसलेली माती खरवडताना दिसलं. पुढची सगळी वर्षंच दिसली, ट्यूबचे तुकडे बांधलेले हात. कडेवरची पोर जड झाली.

मग सर हसले. मोठ्यानं. आणि धाकटीही.

नंतर तिनं सांगितलं, त्या वेळी सर लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे आता मागच्या बाकांवरच्या सगळ्यांना मला दोनदा विचारावं लागणार." ती लगेच म्हणाली, दोनदा नको सर, एकदाच विचारा, पण थोडं थांबा. त्यावर ते हसले. मग विटा कशा भाजतात ते विचारत बसले, आणि ती सांगत बसली. पास.

बाहेर आली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "वहिनी, भूक लागलीये." आणि बसमध्ये माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली. मांडीवर छकुली, खांद्यावर ही. हात बधिर झाला, तरी मी हलले नाही. खिडकीतून ऊन येत होतं. राखाडी पट्टा आभाळात कुठंच दिसत नव्हता, आणि कितीतरी दिवसांनी मला कशाचीच काळजी सापडेना. शोधून पाहिली.

*

थांब्यावर ट्रॅक्टर उभा होता. बाबा कधी थांब्यावर येत नाहीत. अंगभर विटांची धूळ, भुवयासुद्धा तांबड्या. आम्ही उतरलो तसे ते ट्रॅक्टरच्या दिव्यावरची धूळ बोटानं पुसायला लागले. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती बातमी माझी नव्हती.

"पास झाले, बाबा," धाकटी म्हणाली.

ते पुसत राहिले. "मी अजून विचारलं तरी होतं का?"

"नाही."

"हं." बोट पाटलोणीला पुसलं. तोंडाचा एक कोपरा हलला; भाजलेल्या विटेला बारीक चीर जावी तेवढाच. "मग आता ते सर मला भेटले तर काय सांगू? एकदाही विचारावं लागत नाही म्हणून?"

धाकटी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. बाबा गडबडले. त्यांनी छकुलीला माझ्याकडून घेतलं, कधी घेत नाहीत, आणि तिला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून घट्ट धरलं.

"माथा पुरा झाला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमच्या जागेवर तुझी सासू उभी राहिली. गुडघे दुखतात म्हणते, पण वीट एक पाडली नाही. माथ्यावरच्या मनोऱ्याला तर खालूनच झापलं, नीट झेल म्हणून. आज रात्री भट्टी पेटेल."

"उद्या मी साखळीत येते, बाबा," धाकटी नाक पुसत म्हणाली. "मैदानातला नवा माल उचलायचाय ना."

"उद्या कॉलेज नाही का तुझं?"

"आहे."

"मग?" ते सीटवर चढले. "बसा मागं. नीट धरा. आणि धाकटे, साखळीत उद्यापासून नवी माणसं येतायत. तुझ्या आईनंच घेतलीत कामावर. तुम्ही गेल्यावर त्या रिकाम्या खोपटांच्या तारा सोडल्यात."

ट्रॉलीत बसायला जागा विटांच्या चुऱ्यातच होती. मी कुडत्याकडे बोट दाखवलं. धाकटीनं एकदा पाहिलं, आणि बसली.